टाकव्याच्या घराच्या मंदाताई

मंदाताई ओव्हाळ यांना मी पहिल्यांदा भेटले ती नोकरीच्या मुलाखतीसाठी. विशेष शिक्षणाची पदविका नुकतीच हाती आली होती आणि लोणावळ्याहून रोज जाऊन-येऊन करता येईल अशी ही एकच जागा होती. कान्हे फाट्यावरून जीपने टाकवे बुद्रुकला पोहोचेपर्यंत जेवणाची वेळ झाली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांचं हे निवासी घर. त्याला रीतसर नाव आहे, पण मावळात सगळे त्याला ‘टाकव्याचं घर’च म्हणतात. फाटकातच ताई भेटल्या. मी प्रमाणपत्रांची फाईल पुढे केली, तर म्हणाल्या, “ते मग बघू. आधी जेवायला चला, भात निवतोय.”

पंगतीत माझ्या शेजारी एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्या ताटातला पापड उचलला आणि शांतपणे खाऊन टाकला. मी हसून ताईंना म्हटलं, “किती गोड मुलं आहेत ही!”

“मुलं नाहीत हो,” ताई म्हणाल्या. “हे दत्ताभाऊ. माझ्याहून थोडेच लहान आहेत.” मग त्यांच्याकडे वळून, “दत्ताभाऊ, पाहुण्यांचा पापड विचारून घ्यायचा.”

दत्ताभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, “घेऊ?” पापड तोवर संपला होता.

मुलाखत म्हणावी ती एवढीच. नंतर लक्षात आलं की ताईंचं सगळं काम ‘मुलं नाहीत हो’ या एका वाक्यात होतं. आमच्या घरात कुणाच्याही खोलीत शिरण्याआधी दार वाजवावं लागतं. आज कोणती साडी, कोणता सदरा, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. रंग जुळले नाहीत तर न जुळोत. नवा कर्मचारी कुणाला ‘अरे-तुरे’ करू लागला की ताई त्याला बाजूला घेतात, आणि सांगायला नको, ते बोलणं फारसं मवाळ नसतं.

ताई मूळच्या बेडशाच्या, शेतकरी बौद्ध कुटुंबातल्या. वडील खंडाळ्याला एका बंगल्यावर माळीकाम करायचे, आई शेत पाहायची. धाकटे भाऊ अशोक उशिरा चालले, त्याहून उशिरा बोलले. गावात कुणी त्यांना वेडं म्हटलं की ताई भांडायला उभ्या राहत. पुढे पुण्याच्या एका रुग्णालयात त्या परिचारिका झाल्या. आईवडिलांच्या मागे अशोकभाऊ त्यांच्याकडे राहायला आले. लग्नाच्या बोलण्यांत दरवेळी ‘भावाचं काय?’ हा प्रश्न निघे आणि ताई बोलणी तिथंच थांबवत. त्याबद्दल मी एकदा विचारलं, तर हसल्या. “प्रश्न बरोबरच होता गं. माझ्यानंतर त्याचं काय, हे मला तरी कुठं माहीत होतं?” त्याच प्रश्नापोटी त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली. टाकव्यातल्या एका शेतकरी कुटुंबानं जागा दिली आणि हे घर उभं राहिलं. अशोकभाऊ त्याच घरात सुखानं नांदले आणि ताईंचा हात हातात असताना गेले. तोवर घर इतर अनेकांचं झालेलं होतं.

ताई कशा आहेत हे ज्यांना जाणून घ्यायचं असेल, त्यांना मी हिरामणभाऊंची हकीकत सांगते.

डोंगरावरच्या ठाकरांच्या वाडीत एका तरुणाला बांधून ठेवतात, असं तिथल्या शाळेच्या शिक्षकांनी कळवलं. ताई, मी आणि एक हौशी कार्यकर्ते असे तिघं वर गेलो. झोपडीच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, दोर बांधलेला होता आणि त्याचं दुसरं टोक हिरामणभाऊंच्या पायाला. कार्यकर्त्यांनी फोटोसाठी मोबाइल काढला. “तो आत ठेवा,” ताई म्हणाल्या, आणि उंबऱ्यावर बसल्या.

हिरामणभाऊंची आई, ठमामावशी, रानातून आल्या. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उतरला. “मी काय करू, बाय? खाली ईर हाय. येकडाव पडलता तिच्यात. कामाला गेल्याबिगर चूल पेटत न्हाई.”

ताईंनी दोर हातात घेतला. पायापाशी त्याला मऊ लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. “ही कुनी गुंडाळली?”

“मीच. पाय सोलाया लागला म्हनून.”

ताई वाडीत गेल्या की त्यांची बेडशाची बोली आपसूक परत येते. त्या म्हणाल्या, “मावशी, आजपातुर तुमीच जगवलाय त्याला. आता आमी जरा हात लावतो.”

ठमामावशी तिथंच खाली बसल्या आणि रडू लागल्या. पोराला धाडायला मात्र त्या तयार होईनात. “लोकं म्हनतील, टाकला पोराला.”

“टाकू नका की. तुमीबी या संगं. त्याला तितं करमंस्तवर ऱ्हावा. मग दर ऐतवारी येत जावा.”

तसंच झालं. भात खाताना हिरामणभाऊंना काय आवडतं, कुठल्या आवाजाला ते बिचकतात, ओरडू लागले की पाठीवरून कसा हात फिरवायचा, हे सगळं ठमामावशींनी आम्हाला शिकवलं. आमच्या घराच्या विहिरीला ताईंनी आधीच जाळी बसवून घेतली होती. हळूहळू हिरामणभाऊ परसातल्या भाजीला पाणी घालू लागले. मावशी वाडीवर परतल्या, पण एकही रविवार चुकवला नाही. कधी करवंदं, कधी उकडलेली रताळी घेऊन यायच्या. हिरामणभाऊ सकाळपासून फाटकापाशी बसलेले असायचे.

मग एका सकाळी त्यांच्या चुलतभावाचा फोन आला. ठमामावशी गेल्या होत्या. “पन त्याला आनू नका, ताई,” तो म्हणाला. “त्याला काय कळतंय? गोंधळ घालंल.” आमच्यातल्याही काहींना तसंच वाटलं. सवडीनं सांगू, देवाघरी गेली म्हणू, असं कुणीतरी सुचवलं.

“देवाघरी गेली म्हटलं तर ते रोज विचारतील, कधी येणार,” ताई म्हणाल्या. “आई त्यांची गेली आहे. सगळ्यांत आधी त्यांना सांगायला हवं.”

त्या परसात गेल्या आणि हिरामणभाऊंच्या शेजारी बसल्या. “हिरामणभाऊ, तुमची आई मेली. आपण तिला बघायला जाऊ.” एवढंच, आणि हेच पुन्हा एकदा, सावकाश.

वाडीवर हिरामणभाऊंनी आईचे पाय धरले आणि हलवले. “ऊठ,” म्हणाले. पुन्हा हलवले. मग त्यांनी असा हंबरडा फोडला की अंगणातली माणसं मागं सरकली. चुलतभाऊ म्हणाला, “बगा, म्हनलं नव्हतं मी?”

“रडू द्या की,” ताई म्हणाल्या. “सगळेच रडत्यात. त्यो तर ल्योक हाय.”

थोड्या वेळानं त्याच चुलतभावानं हिरामणभाऊंचा हात धरला आणि तिरडीला खांदा कसा द्यायचा ते दाखवलं. स्मशानापर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही.

पुढच्या रविवारी हिरामणभाऊ पुन्हा फाटकापाशी जाऊन बसले. आम्हाला वाटलं, सगळं व्यर्थ गेलं. ताई जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. बऱ्याच वेळानं हिरामणभाऊ म्हणाले, “आई न्हाई.”

“न्हाई,” ताई म्हणाल्या. “बसू आपण.”

त्या दोघांना तसं बसलेलं पाहून मी या कामाबद्दल जे शिकले, ते मला कुठल्याही पदविकेनं शिकवलं नव्हतं. दुःख कळायला बुद्धी लागत नाही, आणि ज्याचं दुःख त्याच्यापासून ते लपवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ताईंचा स्वभाव सोपा नाही, हेही लिहायला हवं. लोणावळ्याला सुटीसाठी आलेली मंडळी आमच्याकडे आपल्या मुलांचे वाढदिवस साजरे करायला येतात. केक कापतात, फोटो काढतात, निघतात. अशा एका कुटुंबाला ताईंनी विचारलं, “पुढच्या वर्षी तुमच्या घरच्या वाढदिवसाला आमच्यापैकी कुणाला बोलवाल का?” आता देणगी गेली, असं आम्हाला वाटलं. पण पुढच्या वर्षी खरोखर निमंत्रण आलं. दत्ताभाऊ नवा सदरा घालून गेले, आणि आता दरवर्षी जातात.

माझ्यावरचं त्यांचं ऋण वेगळंच आहे. सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा मी कामावर जाऊ शकत नव्हते. ताई एका दुपारी एसटीने लोणावळ्याला आल्या. माझी चौकशी नंतर. आधी पदर खोचून त्यांनी सासूबाईंना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, केस धुऊन वेणी घातली आणि त्यांना आरसा दाखवला. कित्येक दिवसांनी सासूबाई हसल्या. निघताना ताई मला म्हणाल्या, “तू इथंच थांब. तुझी जागा कुठं जात नाही.” ती जागा खरोखर माझीच राहिली.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. सत्कार, शाल, भाषणं यांना त्यांचा ठाम नकार होता. ज्यासाठी मी हे लिहितेय त्या गौरवग्रंथाला त्यांनी होकार दिला तो एकाच अटीवर, की तो घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवला जाईल. म्हणून मीही आधी घरातल्या सगळ्यांना विचारलं, ताईंसाठी काय लिहू? कुणी लाडू म्हणालं, कुणी गाणं. आमच्या घरातल्याच सुषमाताई खूप वेळ विचार करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “ताई दमतात. दुपारी झोपू दे त्यांना. मी दार लावते.”

याहून चांगली शुभेच्छा मला सुचत नाही. ताई, तुमचे गुडघे कुरकुरू नयेत, आवाजातली जरब कमी होऊ नये, आणि शंभरी ओलांडतानाही तुम्ही आमच्या पंगतीला असावं. आणि रोज दुपारी मात्र निवांत झोपा. दार सुषमाताई लावतील, आणि घराकडे आम्ही बघू.