वास्तुपुरुष, चार मिनिटं दहा सेकंद

आमच्या सिडकोतल्या घराचा वास्तुपुरुष चार दिवस सापडत नव्हता आणि याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

झालं असं, की आईने स्वयंपाकघराची फरशी बदलायला काढली. पेठकडचे गंगाराम मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन हजर झाले. पहिला घाव बसणार, एवढ्यात आई किंचाळली, "थांबा! वास्तुपुरुष कुठे आहे?"

वीस वर्षांपूर्वी वास्तुशांतीला गुरुजींनी आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून वास्तुप्रतिमा पुरली होती. तिच्यावर हातोडा पडला तर घराचं काय होईल, या विचाराने आईचा चेहरा पांढरा पडला. पण मधल्या काळात आम्ही मागची भिंत पाडून स्वयंपाकघर वाढवलं होतं. तो जुना कोपरा आता नेमका कुठे आला, हे कुणालाच सांगता येईना. म्हणजे सांगता दोघांना येत होतं.

"फ्रिजखाली," आई म्हणाली.

"सिंकसमोर," बाबा म्हणाले.

दोघंही शपथेवर! इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "भांडता कशाला? मी शूटिंग केलंय ना! कॅसेट आहे." (तेव्हा मी नवाकोरा व्हिडिओ कॅमेरा घेतला होता आणि स्वतःला कलावंत समजत होतो.)

माळ्यावरून कॅसेट निघाली, कॅमेरा निघाला, त्या काळचा कॉम्प्युटरही निघाला. कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला होता आणि कॅसेट चालवायचं बटण आत जाऊन बसलं होतं. पण मी तयारीचा माणूस! मी सर्वांना समजावलं, की कॅमेरा तारेने कॉम्प्युटरला जोडला की कॅसेट पुढे-मागे करायचं काम कॉम्प्युटरच करतो. याला डेक कंट्रोल म्हणतात. शिवाय कॅसेटवर प्रत्येक चित्राची वेळ नोंदलेली असते, तास-मिनिट-सेकंदांत. तो टाइमकोड. आपण फक्त आकडा सांगायचा. कॉम्प्युटर कॅसेट बरोबर तिथे नेतो आणि तेवढाच तुकडा उतरवून घेतो.

"त्यापेक्षा पहिल्यापासून लाव की सरळ," आई म्हणाली.

मी हसलो. (ते हसणं पुढे महागात पडलं.) "आई, कॅसेट जुनी आहे. जितकी कमी फिरेल तितकं बरं. जाणकार लोक आकड्यावर जातात."

आणि आकडा होता! कारण आमचे बाबा. ओझरला विमानाच्या कारखान्यात तपासणी खात्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वस्तूची नोंद रजिस्टरमध्ये असते. माझ्या कॅसेटचीही त्यांनी त्याच वर्षी केली होती. 'वास्तुनिक्षेप : ००:०४:१०.' खाली सही.

मी आकडा टाकला. कॅमेरा गुरगुरला. कुणी हात न लावता कॅसेट मागे पळायला लागली. आईने हात जोडले. चार मिनिटं दहा सेकंदांवर कॅसेट थांबली आणि पडद्यावर आमचे मामा आले, पंगतीत जिलबी खाताना.

पुन्हा आकडा टाकला. कॅसेट पुढे गेली, थबकली, मागे आली. चार मिनिटं दहा सेकंद. या वेळी आमचं रिकामं फाटक. तिसऱ्यांदा चालत असलेले माझेच बूट! तेही चार मिनिटं दहा सेकंदांवरच.

"माझी नोंद चुकत नाही," बाबा म्हणाले. "माझ्या सहीवर विमानं उडाली आहेत!"

"मग वास्तुपुरुष जिलबी खातोय का?" आईने विचारलं.

असे दोन दिवस गेले. शेगडी हॉलमध्ये, दोन्ही वेळ खिचडी. मिस्त्री ओट्यावर बसून चहा घेत होते. मी कॉम्प्युटरला शिव्या घालत होतो आणि बाबा माझ्याकडे बघत होते.

तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो पडला नसता तर बरं झालं असतं. शूटिंग करताना मी दर थोड्या वेळाने कॅसेट मागे नेऊन काम कसं झालंय ते कौतुकाने बघत असे. मग आधीचं पुसलं जाऊ नये म्हणून थोडी पट्टी कोरी सोडून पुढचं घेत असे. आणि कोरी पट्टी लागली, की कॅमेरा शून्यापासून मोजायला लागे! एका कॅसेटवर पाच वेळा शून्य आणि पाच वेळा चार मिनिटं दहा सेकंद! कॉम्प्युटर बिचारा जे हाती लागेल ते आणत होता.

बाबांनी शांतपणे चष्मा काढला. "म्हणजे एकाच नंबरचे पाच पार्ट? आणि तू ते पास केलेस?"

मला मनापासून लाज वाटली. घरातली एकमेव अचूक गोष्ट म्हणजे ते रजिस्टर, आणि मी वीस वर्षांनी त्यालाच खोटं पाडलं होतं.

मग बाबांनी सूत्रं हाती घेतली. कॅसेटचे अ, ब, क, ड, इ असे पाच भाग. प्रत्येक भाग वेगळी कॅसेट समजायची, त्याचा टाइमकोड त्याच्याच शून्यापासून, आणि कोरी पट्टी ओलांडून कॉम्प्युटरला पळवायचं नाही. अर्थात त्यासाठी कॅसेट पहिल्यापासून लावावी लागणार होती.  आईने फक्त माझ्यापुढे खिचडी ठेवली.

चौथ्या दिवशी भाग 'ड' आला. तीन मिनिटं पन्नास सेकंद. गुरुजी! मंत्र! सगळे पुढे सरकले, मिस्त्रीही दारात येऊन उभे राहिले. चार मिनिटं दहा सेकंद. गुरुजी प्रतिमा घेऊन वाकले आणि कलावंताने झूम केलं. पडदाभर गुरुजींचा हात. मग हात आणि खड्डा. मग नुसता खड्डा! भिंत नाही, खिडकी नाही, कोपरा नाही. मातीचा कण न् कण मात्र स्पष्ट दिसत होता.

"अरे, जरा मागे घे ना," आई पडद्याला म्हणाली.

पण डेक कंट्रोलने कॅसेट मागे जाते, कॅमेरामन जात नाही.

 आईने डोळ्याला पदर लावला. "आता कसली फरशी? राहू दे," ती म्हणाली. 

तेवढ्यात गंगाराम मिस्त्री खाली बसले. थापीच्या दांड्याने फरशा ठोकत ठोकत पुढे सरकले. फ्रिज आणि सिंकच्या बरोबर मधे थांबले. पुन्हा ठोकलं.

"हितं हाय बघा, काकू. बाकी जुनी फरशी एका हातची हाय. ही एकच मागून बसवलीय. आवाज बी पोकळ येतोय."

"अहो, मग चार दिवस बोलला का नाहीत?" बाबा ओरडले.

"मला इचारलंच नाय कुणी. मी म्हनलं, साहेबांचं लय मोठं काम चाललंय."

आईने त्या फरशीला हळद-कुंकू वाहिलं, डोकं टेकवलं आणि म्हणाली, "पुन्हा घोळ नको. याचा व्हिडिओ काढून ठेवा."

मी मोबाइल काढला. आईने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मिस्त्रींना दिला.

मिस्त्री दारात उभे राहिले आणि पंधरा सेकंदांत काम संपवलं. फ्रिज, सिंक, खिडकी, दोन्ही भिंती, मधे कुंकू लावलेली फरशी, सगळं एका नजरेत दिसतं. बाबांनी तो व्हिडिओ रजिस्टरमध्ये चढवला, शेरा 'पास'. फक्त आवाजाबद्दल त्यांची तक्रार आहे. कारण सातव्या सेकंदाला मागून मी सांगतोय, "मिस्त्री, जरा झूम करा ना!"