बिनटाक्याचं कापड

माझं दिल कमजोर आहे, हे माझ्या घरच्यांनी ठरवलं. मला कोणी विचारलं नाही. बावन्नाव्या वर्षी एका सकाळी मशीनवर बसून मी एका नवरीच्या ब्लाउजला बाही लावत होते, आणि अचानक छातीत धाडधाड सुरू झालं. बोटं बधिर, घशाला कोरड, कानात शिट्टी. वाटलं, झालं, गेलो आता आपण. मी ओरडले, "अवं, मी मरून राह्यली वं!" आणि धाकटी जाऊ पिठाचे हात घेऊन तशीच धावत आली.

मेले नाही. बुलडाण्याच्या डॉक्टरनं छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं आणि सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, ही नुसती घबराहट, या वयात होते, गोळी घ्या आणि मन रमवा. मन रमवा म्हणे! पोरगी लग्न होऊन अकोल्याला, पोरगा पुण्याला कंपनीत. आमच्या देऊळघाटातल्या बाया आता ब्लाउज तयार आणतात, माझ्याकडे फक्त उसवलेलं आणि घट्ट झालेलं येतं. मन काय भिंतीत रमवू? पण गोळी घेतली. अजूनही घेते आणि त्याची मला काडीची लाज वाटत नाही.

आमच्याकडे मोहल्ल्यात कोणी वारलं की मशिदीच्या माईकवरून सांगतात. आधी माईक खरखरतो, मग कोणीतरी त्यावर दोनदा बोट आपटतं, मग नाव येतं. माझा दुसरा झटका नेमका असं एक नाव ऐकूनच आला. त्या दिवसापासून घरात कट शिजला. आमच्या ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत आहे. ज्या माणसानं तीस वर्षांत स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला भरून घेतला नाही, तो माणूस माईक खरखरला की ग्रीसचे हात घेऊन आत पळत यायचा आणि मिक्सर सुरू करायचा. कधी त्यात चार शेंगदाणे असायचे, कधी काहीच नाही.

"काय करून राह्यले?" मी विचारायची.

"चटणी."

इतकी चटणी आमच्या घरात कोणाच्या लग्नातही झाली नसेल. मला सगळं कळत होतं. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला ते मला बरंच वाटलं. नाव ऐकू आलं नाही म्हणजे कोणी मेलंच नाही, असं मी स्वतःला समजावायची. मग कोणाकडे बसायला जाणं बंद झालं. मग लग्नांना जाणं बंद झालं, कारण गर्दीत जीव घाबरतो. मग बाजारही धाकटी जाऊच आणू लागली. दीड वर्षात माझी दुनिया मशीन, पलंग आणि गोळीची डबी एवढी राहिली.

आणि मग माझी मैत्रीण गेली.

आम्ही दोघी चौदाव्या वर्षी एकाच मशीनवर शिवण शिकलो. ती पाय मारायची, मी कापड सरकवायची, मग उलट. तीन गल्ल्या सोडून तिचं घर. पोटाच्या दुखण्यानं ती खंगत चालली होती, आणि बाकी सगळीकडे जाणं सोडलं तरी दर जुम्मेरातीला, गुरुवारी, मी तिच्याकडे जायची. ती म्हणायची, "तुह्या छातीत धडधड, माह्या पोटात कळ, दोघी मिळून एक पूर्ण बिमार!" आणि आम्ही हसत बसायचो.

त्या दिवशी सकाळी सकाळीच हे म्हणाले, "चाल, बुलडाण्याले जाऊ, शुगर तपासून आणू." जाऊपण तयार होऊन उभी. मला वाटलं, काय हा मेहरबान झाला आज! शुगर तपासली, मग नाश्ता, मग चपलांचं दुकान. ह्यांनी स्वतः बसून मला चपला घेऊन दिल्या. मी एक घालून पाहिली, दुसरी घालून पाहिली, अंगठ्याजवळ दाबते का ते पाहिलं. दुपार उतरल्यावर नव्या चपला घालून मी खुशीत घरी आले.

तिसऱ्या दिवशी भाजीवाली दारात आली. ती पलीकडच्या बौद्धवाड्यातली, वीस वर्षांपासून आमच्या गल्लीत टोपली घेऊन येते. मेथीची जुडी हातात ठेवून म्हणाली, "काऊन वो बाई, तू तुह्या मैत्रिणीच्या मातीले दिसली नाहीस? मी गेलती. समद्या बाया तुलेच पुसत होत्या."

आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. तोंड पाहायचं ते घरातच, जनाजा उठायच्या आधी. एकदा उठला की संपलं. म्हणजे ज्या वेळी तिला घरातून नेलं, त्या वेळी मी चपलेचा अंगठा दाबून पाहत होते.

मी तशीच मेथी घेऊन दुकानात गेले. हे पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून पंक्चर शोधत होते. एक गिऱ्हाईक समोर बसलेलं होतं. बसू दे म्हटलं.

"काऊन सांगितलं नाही मले?"

ह्यांना लगेच कळलं. ट्यूब सोडली नाही, मान वर केली नाही. "तुले काही झालं असतं तर?"

"काय झालं असतं? मरून गेली असती! मग दोघींले एकाच दिवशी नेलं असतं, तुमची एक खेप वाचली असती!"

गिऱ्हाईक उठून निघून गेलं. मी त्याच्याच स्टुलावर बसून मोठमोठ्यानं रडले, आणि मजा पाहा, छातीत धडधड नावालासुद्धा नव्हती. नुसता राग होता, तळपायापासून डोक्यापर्यंत. माझ्या भल्यासाठी यांनी माझ्याकडून माझी माणसं चोरली होती. भीती माझी होती. ती मी सांभाळली असती किंवा तिनं मला पाडलं असतं, पण निकाल लावायचा हक्क माझा होता. मी आत गेले, मिक्सरची भांडी पेटीत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली. ह्यांना म्हटलं, चटणी खायची तर पाट्यावर वाटा.

दुसऱ्या दिवशी नव्या चपला तिथंच सोडून जुन्याच घालून मी खालाच्या घरी गेले. खाला माझी सख्खी नात्यातली कोणी नाही. सगळा मोहल्ला तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेली. मोहल्ल्यात बाई वारली की तिला गुस्ल द्यायला, म्हणजे शेवटची आंघोळ घालून कफन घालायला, हीच जायची. हे काम येणाऱ्या दुसऱ्या दोघी होत्या, त्या केव्हाच गेल्या. बाकीच्या बाया पाण्याच्या बादल्या भरून द्यायच्या, पण हात लावायला कोणी पुढं होत नव्हतं. माझ्या मैत्रिणीलाही खालानंच आंघोळ घातली होती.

"कशी दिसत होती?" मी विचारलं.

"झोपल्यासारखी. तिच्या मधल्या बोटाले सुईचा घट्टा होता, तो नीट धुतला मी."

मी माझं बोट पाहिलं. तसाच घट्टा. मग म्हटलं, "खाला, मले हे काम शिकव."

ती बाजेवर सरसावून बसली. "तू? तुले तर भेव वाटते म्हणे."

"वाटते ना. मशीनवर वाटते, पलंगावर वाटते, गोळी खाऊन वाटते. एवीतेवी वाटतेच, तर कामाला जाऊन वाटू दे."

खाला बोळक्या तोंडानं खदाखदा हसली. मग म्हणाली, "कपाटातला पांढऱ्या कापडाचा थान काढ."

बाईच्या कफनाला पाच कापडं लागतात. खाला बाजेवर आडवी झाली आणि म्हणाली, "घे माप. माहंच घे. पह्यलं मलेच लागणार हाय." मी टेप काढला. चाळीस वर्षांचा हात. डोक्यापासून पायापर्यंत, खांद्यापासून, छातीपासून, सगळी मापं घेतली, खडूनं खुणा केल्या, कात्री चालवली. कापताना मान खाली, बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. पाचही कापडं घडी करून तिच्यापुढं ठेवली. खालानं एक उलगडलं, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे काय सोडलं तू?"

मी पाहिलं. प्रत्येक कापडाला दोन्ही बाजूंनी मी शिलाईसाठी अर्धा-अर्धा इंच सोडला होता. वर खुणासुद्धा केल्या होत्या, कुठं दुमडायचं त्या.

"अवं येडे, याले टाका नसते! हे उसवणार हाय का? का पुढच्या ईदले ढिलं करून मागणार हाय मी?"

हसून हसून आम्हा दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण घरी येताना मी त्या अर्ध्या इंचाचाच विचार करत होते. आयुष्यभर मी प्रत्येक कपड्यात पुढच्यासाठी जागा ठेवली. नवरी जाड होईल, पोरगी वाढेल, घट्ट झालं तर सोडता येईल. माझी भीतीही तसलीच होती, उद्या काय होईल त्यासाठी आजच कापड सोडत बसलेली. या एका कपड्याला उद्या नाही. म्हणून तो बरोबर मापाचा कापावा लागतो.

पुढचे सहा-सात महिने खाला मला घेऊन जात होती. पहिल्या वेळी मी बाहेर येऊन उलटी केली. दुसऱ्या वेळी झटका आला. भिंतीला टेकून उभी राहिले, तो ओसरला, परत आत गेले. बाया कुजबुजल्या, हिचंच दिल कमजोर आणि ही काय करणार. मी म्हटलं, "ज्याचं दिल मजबूत त्यानं यावं पुढं, मी खुशीनं सरकते." कोणी आलं नाही. ह्यांनी एकदा विचारून पाहिलं, नको जाऊ म्हटलं तर? मी म्हटलं, म्हणून पाहा. त्यांनी म्हटलं नाही. मिक्सरची भांडी मी आपणहून पेटीतून काढून दिली, कारण पाट्यावर वाटून त्यांच्या मनगटाला सूज आली होती. माझा राग गेला होता असं नाही, मला सूज पाहवली नाही एवढंच.

गेल्या थंडीत एका सकाळी मला ठेच्याची हुक्की आली म्हणून हे मिक्सरवर मिरच्या फिरवत होते, खरोखरच्या. बाहेर माईक खरखरला. दोनदा बोट आपटलं. ह्यांनी मिक्सर बंद केला. दोघांनीही जागच्या जागी उभं राहून नाव ऐकलं. खाला गेली होती. ह्यांनी माझ्या मशीनच्या खणातली कात्री काढून माझ्या हातात दिली.

तिच्या घरी बोरीची पानं टाकून पाणी तापवलं. पडदे लावले, तख्त्यावर तिला घेतलं, अंगावर चादर. आधी उजवी बाजू, मग डावी, तिनं शिकवलं तसं. तिचे केस हातात घेतले आणि तो आला. छातीत धाडधाड, बोटं बधिर, कानात शिट्टी, दम पुरेना. धाकटी जाऊ पाणी द्यायला उभी होती. घाबरून म्हणाली, "वहिनी, बाहेर चाला, बसा थोडं."

"पाणी टाक," मी म्हटलं.

"अवं पण तुमचे हात कापून राह्यले..."

"कापू दे. पाणी टाक."

तिनं पाणी टाकलं. मी खालाचे केस धुतले, कापराच्या पाण्यानं शेवटची आंघोळ घातली, आणि त्या सकाळी तिच्याच मापानं नव्यानं कापलेली पाचही कापडं तिला घातली. कुठंही अर्धा इंच जास्त नव्हता. झटका केव्हा ओसरला ते मला कळलंही नाही.

जनाजा उठला. उंबऱ्यापर्यंत मी गेले, तोंड पाहिलं, मन भरून पाहिलं. घरी आले तर ह्यांनी चहा केला होता, साखर दुप्पट.

"भेव वाटलं?" त्यांनी विचारलं.

"हाव. लय."

"मंग?"

"मंग काय? खालाले तसंच ठेवलं असतं का?"