वडनेरचा जवान आणि बहिणीचा अर्ज

आमच्या शेजारच्या चोवीस वर्षांच्या जवानाचा गेल्या जानेवारीत, गस्तीवर असताना, हिमकडा कोसळून मृत्यू झाला.

सुट्टीवर वडनेरला आला की पहिले दोन दिवस तो हिंदीतच बोलायचा. तिसऱ्या दिवशी वऱ्हाडी परत यायची. मग रोज पहाटे धाकट्या बहिणीला घेऊन धावायला जायचा. तिला पोलीस भरतीचा अर्ज भरायचा होता आणि वडील भरू देत नव्हते.

"एक लेकरू धाडलं, बस झालं," ते म्हणायचे.

"बाबा, हे पोट्टी मले मांगं टाकून राह्यली! फौजेची इज्जत जाते. इले पोलिसात धाडाच," तो धापा टाकत सांगायचा. वडील हसायचे, पण मानायचे नाहीत.

तेरवीनंतरच्या सोमवारी वडिलांनीच तिला गाडीवर बसवून हिंगणघाटला नेलं. दुपारी अर्ज भरला.