मास्टर गोविंदरावांनी सुचवलेलं नाव

कापसाचा बोळा जांभळा झाला आणि मी हात झटकन मागे घेतला. टेबलावर पालथी ठेवलेली जुनी जाहिरात, तिच्या पाठीवर ओली खळ. त्या खळीवरून मी एकदाच बोळा फिरवला होता. अहो, एकदाच!

मी जुने कागद दुरुस्त करते. भोपाळमधल्या एका छोट्या संग्रहालयात सव्वीस वर्षं हेच काम. हुद्दा कन्झर्वेटर. साकेत नगरातल्या शेजारणी मला अजून 'रद्दीवाल्या मॅडम' म्हणतात. चालायचंच.

त्या वर्षी आमच्याकडे प्रदर्शन होतं. शंभरेक वर्षांपूर्वी आसपासच्या कसब्यांमधले लोक करमणुकीला काय करायचे, हा विषय. कुस्त्यांची पत्रकं, जत्रेतल्या पाळण्यांचे फोटो, ग्रामोफोनचा कर्णा असं बरंच जमलं होतं. त्यात एक दिवस श्रीकांत वानखेडे आले. कारखान्यातून रिटायर झालेले टेक्निशियन. अयोध्या नगरहून स्कूटरवर, पिशवीत चादरीत गुंडाळलेला पुठ्ठा घेऊन.

पुठ्ठ्यावर एक जाहिरात चिकटवलेली होती. सीहोरच्या जत्रेत, तंबूतला बायोस्कोप. तेव्हा सिनेमा मुका असायचा, म्हणून पडद्यापुढे बसून कोणीतरी पेटी वाजवायचं. घोडे धावले की जलद, बाई रडली की संथ. तळाशी हिंदीत छापलं होतं, 'हार्मोनियम: मास्टर गोविंदराव नागपूरवाले. स्त्रियों के बैठने का अलग प्रबंध.'

"हे आईचे वडील," वानखेडे म्हणाले. "खुशाल लावा प्रदर्शनात. फक्त मागं काय लिहिलंय ते आधी काढून द्या. आई नव्वदीची आहे. तिला तेवढंच पाहिजे."

मागे एक नाव होतं. त्यांच्या आईचं, म्हणजे कमलताईंचं बारसं नागपूरला झालं, तेव्हा बाप सीहोरला तंबूत पेटी वाजवत होता. सुट्टी मिळेना. मग त्याने हाताला लागली त्या जाहिरातीच्या पाठीवर मुलीचं नाव लिहून धाडलं. कागद पोहोचला तोवर बारसं उरकलं होतं. आत्याने कानात 'कमल' सांगितलंही होतं. तिने कागदावरचं नाव वाचलं, पण एकदा ठेवलेलं नाव बदलायचं नाही, म्हणून कोणाला सांगितलं नाही. महिन्याभरात मास्टर तापाने तंबूतच गेले. त्यांच्या बायकोला वाचता येत नव्हतं. नवऱ्याचं छापील नाव समोर यावं, म्हणून तिने तो कागद पिठाच्या खळीने पुठ्ठ्यावर चिकटवला आणि भिंतीला टांगला. एवढीच त्यांची आठवण. फोटो नाही, काही नाही.

"लिहिलंय कशाने?" मी विचारलं.

"पेन्सिलीनं. आजी सांगायची."

पेन्सिल म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. शिसपेन्सिल पाण्याने हलत नाही. शाई हलते. म्हणून आम्ही प्रत्येक शाईवर आधी पाण्याचा थेंब टाकून टीपकागद दाबतो. पुढच्या छपाईवर मी तशी टेस्ट केली. छान टिकली. मागचं तर दिसतच नव्हतं. आणि जे दिसत नाही तिथे पाणी लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम. पुठ्ठा मागून कोरडाच, पापुद्रा पापुद्रा करून खरवडायचा. तीन आठवडे लागतात.

"तीन हफ्ते?" आमचे डायरेक्टर मिश्रासाहेब ओरडले. "मॅडम, उद्घाटन पंद्रह दिन में है!"

दोष त्यांचा नाही. त्यांनी पाणी लावा असं सांगितलं नव्हतं. मलाच वाटलं, कमलताईंची तब्येत तोळामासा, लवकर वाचून द्यावं. खरं सांगायचं तर थोडी शेखीही होती. सव्वीस वर्षांचा हात, पेन्सिलीला काय घाबरायचं! पुठ्ठा दमट करून दोन दिवसांत सोडवला. राहिली खळ. ती ओल्या बोळ्याने पुसायची.

ती कॉपिंग पेन्सिल होती. कोरडी असताना साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते. पाणी लागलं की जांभळी होऊन पसरते. खोडता येत नाही, म्हणून लोक ती मुद्दाम वापरायचे. कडेचे बारीक शब्द तेवढे शाबूत राहिले. 'चि. मुलीचे नाव' आणि पुढे 'असे ठेवावे. ताईस सांगणे.' मधलं नाव मास्टरांनी दाबून, ठसठशीत लिहिलं असणार. म्हणून तेच सगळ्यात जास्त पसरलं, आणि राहिलेलं माझ्या बोळ्यावर आलं. पुसलेलं काही उमटतं का, म्हणून इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली धरलं. डागच दिसला.

मिश्रासाहेब बघून म्हणाले, "आगे से तो बढ़िया है न? पीछे कौन देखता है?"

अयोध्या नगरला मी स्वतः गेले. वानखेड्यांनी दारातच थांबवलं. "मॅडम, एखादं छानसं नाव सांगून टाका नं. तिला काय कळणार?"

मोह झाला. नाही म्हणत नाही. पण एकदा आत्याने तिचं नाव ठरवलं होतं, आता मी कोण ठरवणार? मी कमलताईंच्या पलंगाशी बसले आणि सगळं सांगितलं.

"पुसलं का तुम्ही?"

"हो मावशी. माझ्या हातून पुसलं गेलं."

"आत्याबाईनं गिळलं," त्या म्हणाल्या, "अन् आता तुम्ही पुसलं." मग विचारलं, "किती अक्षरी होतं?"

"लहानच असावं. दोन-तीन अक्षरी."

प्रदर्शन गाजलं. जाहिरातीपुढे लोकांनी सेल्फी काढले. माझ्या टेबलावर आता मी लिहून ठेवलंय, 'पेन्सिल असली तरी टेस्ट.' अर्धं मिनिट लागतं त्याला. नव्या पोरांना मी हे इतक्या वेळा सांगते की ती वैतागतात.

दर रविवारी वानखेड्यांचा फोन येतो.

"मॅडम, आई विचारतेय, 'यमुना' बसतं का हो त्या डागात?"

मी फाइल उघडते, फोटोवर पट्टी ठेवून मोजते. मागच्या रविवारी 'सुमन' होतं, त्याआधी 'मालती'.

"बसतं," मी म्हणते. त्या डागात कुठलंही नाव बसतं.