जाळी काढलेला व्हिडिओ

केंद्राच्या ग्रुपवर आधी रफीकभाईंचा नवा व्हिडिओ होता आणि त्याच्याच खाली ते गेल्याची बातमी. व्हिडिओ त्यांनी स्वतः आदल्या संध्याकाळी टाकलेला, बातमी सकाळी त्यांच्या मेहुण्यानं... आणि मधेच कुणीतरी अंगठा टाकलेला. तो अंगठा व्हिडिओसाठी होता हे कळत असूनही मला त्या माणसाचा राग आला. अजूनही आहे.

चाकणच्या प्रशिक्षण केंद्रात आम्ही दोघं शेजारच्या वर्गांत शिकवायचो. मी गणित, ते पत्र्याला दाबून आकार देणारं प्रेस मशीन. मी मोशीचा, खडूफळ्यावर वाढलेला. मोबाइलवर शिकवणं मला पोरखेळ वाटायचं. "राव, तुमचा फळा तास संपला की पुसला जातो," भाई म्हणायचे. "माझा व्हिडिओ पोरं बसमध्येपण बघतात." खरंच होतं ते. लांबून आलेली पोरं त्यांचे हात बघून शिकायची. भाई बोलायला कंजूष, हात मात्र बोलके. चित्रीकरणाला मोबाइल धरायच्या त्यांच्या पत्नी, रेहानाभाभी.

एकदा प्रेसमध्ये पत्रा कसा सरकवायचा ते दाखवायचं होतं. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसला जाळी असते, पण तिच्यामुळे मोबाइलमध्ये आतलं काही दिसेना. भाईंनी जाळी काढली. पोरांना नीट दिसावं, एवढ्याचसाठी. व्हिडिओत मागून भाभींचा आवाज येतो, "अहो, हात सांभाळा!" आणि भाई हसतात, अगदी दिलखुलास. केंद्रात आम्ही कुणी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. जाळी फक्त दाखवण्यापुरती काढली आहे, हे त्यांनी शेवटी सांगितलं होतं. शेवटपर्यंत बघतो कोण?

त्यांचाच विद्यार्थी विष्णू एका कारखान्यात लागला आणि प्रेसखाली त्याची दोन बोटं गेली. दवाखान्यात मी भाईंसोबत होतो. "सर, तुमी दाखवलं तसंच केलं व्हतं," विष्णू म्हणाला. "माझाच हात हळू पडला." वर माफी मागितली त्यानं! त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो कुठल्या कुठल्या मोबाइलवर पोचला होता. मग प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ते स्वतःच तो लावू लागले. भाभींचा आवाज आला की हसण्याच्या आधी थांबवायचे आणि विचारायचे, "काय चुकलंय?" कुणीतरी म्हणायचं, "जाळी नाही, सर." "कुणी काढली?" उत्तरही तेच द्यायचे, "मी काढली." मला ते बघवत नसे. "बास करा की आता," मी एकदा चिडून म्हणालो. "तो फिरतोय तोवर मलाही त्याच्या मागं फिरायला पाहिजे," ते म्हणाले.

ते गेल्यावर त्यांची पुढची तुकडी माझ्याकडे येणार होती. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर भाभींनी घरी बोलावलं. "माणूस गेला, भाऊ. आता तरी त्यांची चूक झाकू द्या." त्या हसण्यासाठी भाभी रोज तो व्हिडिओ लावत होत्या, तो चारचौघांत चूक म्हणून लागावा हे त्यांना सोसत नव्हतं. मला हो म्हणायचं होतं. पण विष्णूचा हात डोळ्यांपुढून हलेना. "दाखवावा लागेल, भाभी," एवढंच कसंबसं बोललो. त्यांनी चहाचा कप उचलून आत नेला.

तुकडीच्या पहिल्या दिवशी त्या न सांगता आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. मी व्हिडिओ लावला, भाई थांबवायचे तिथंच थांबवला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, मागून कोण बोलतंय?"

भाभी उभ्या राहिल्या. "मी. पुढं जाऊ द्या, भाऊ."

मी व्हिडिओ पुढं सोडला. भाई हसले. त्यांचं बघून दोन-चार पोरंही हसली.

"मी सांगितलं तेव्हा ते असेच हसले," भाभी म्हणाल्या. "तुम्हाला कुणी हात सांभाळा म्हणालं, तर हसू नका." आणि खाली बसल्या.

व्हिडिओ थांबवायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. पडद्यावर भाईंचे ते बोलके हात पत्रा आत सरकवतच राहिले... जाळीशिवाय.