विहिरीच्या उरलेल्या चिऱ्याला लावलेला कौल

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. रत्नागिरीच्या एका हायस्कुलात मी सायन्स शिकवतो, आणि देवाला कौल लावणाऱ्यांची वर्गात यथेच्छ टिंगल करत आलो आहे. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतो...

सन तीसच्या आसपासची गोष्ट. माझी थोरली बहीण, आक्का, पावस गावी दिलेली. भावोजी गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. मलबाराहून लाकूड घेऊन निघालेलं त्यांचं गलबत पावसाळा तोंडावर आला तरी परतलं नाही. बाकीची गलबतं किनाऱ्यावर ओढून पावसासाठी शाकारूनही झाली. शेवटी आक्काच्या सासऱ्यांनी ग्रामदेवीला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. भावोजी हयात आहेत का, या प्रश्नाला डावी पडली. आक्काच्या बांगड्या फोडायचा दिवस ठरला.

निरोप मिळताच मी भाट्याची खाडी होडीने ओलांडून पावसला धावलो. सासऱ्यांशी खूप वाद घातला. पाकळी वाळली की पडते, त्यात देव कुठे आला? मग विहिरीच्या बांधकामातून उरलेला एक चिरा — आपला साधा जांभा दगड — अंगणात उभा केला आणि म्हटलं, आता यालाच विचारा. हा कधी हो म्हणेल, कधी नाही म्हणेल, म्हणजे तुमची खात्री पटेल.

उजवी पडली. पुन्हा लावला, पुन्हा उजवी. सासऱ्यांनी लावला, शेजारणीने लावला... उजवीच. मी प्रश्न उलटा केला, भावोजी गेले का? तर डावी. घरची माणसं एकेक करून हात जोडायला लागली, आणि मी मात्र इरेला पेटलो. परत पहिला प्रश्न घेतला. उजव्या पाकळीला भरपूर पाणी लावलं, डावी जवळजवळ कोरडीच टेकवली. तरी उजवीच गळाली.

आक्काने माझं मनगट धरलं.

"पुरे कर आता," ती म्हणाली. "तुला ते मेलेले हवेत काय रे?"

मी हातातली पाकळी खाली टाकली. एकदा तरी डावी पडावी म्हणून मी धडपडत होतो. डावी पडली तर कुणाचं काय होणार, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

बांगड्या फोडणं लांबणीवर पडलं. नारळी पौर्णिमेनंतर मी पावसला गेलो असताना भरदुपारी भावोजी दारात येऊन उभे राहिले. खंगलेले, दाढी वाढलेली, पण जिवंत. गलबत फुटलं होतं, आणि एका अरबी जहाजाने त्यांना उचलून मस्कतला नेलं होतं.

चिरा आता तुळशीपाशी आहे, शेंदूर लावलेला. जांभ्याच्या एका अंगात पाणी लवकर मुरतं म्हणावं, तर मी तो फिरवूनही पाहिला होता. योगायोग म्हणावा... तर इतका? आणि मग देवीने डावा कौल का दिला? सासरे म्हणतात, विचारणाऱ्याचं चुकलं. मला काहीच सांगता येत नाही.

पण लाज वाटते ती याची नव्हे. भावोजींना दारात पाहिलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते 'हरलो'. आनंद त्याच्यामागून झाला. भावोजींच्या पायांवर पाणी घालायला आक्का तांब्या घेऊन आली होती. तिने माझं तोंड पाहिलं.

 एरवी ती त्या चिऱ्याला रोज हात जोडते; मी घरात असलो की मात्र जोडत नाही.