आत्याचा तळहात

आत्याच्या दुकानात टायर नुसता मागून मिळत नाही. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन 'अमुक टायर द्या' म्हणालं, तर आत्या आधी उठून बाहेर जाते, त्याच्या गाडीपाशी उकिडवी बसते आणि जुन्या टायरवरून तळहात फिरवते. मग मान वर न करताच विचारते, "राहतोस कुठे? जातोस कुठे? आणि मागे कोण बसतं?"

पहिल्या दोन प्रश्नांना लोक धडाधड उत्तरं देतात. तिसऱ्याला बरेच जण अडखळतात. एक तर चांगला पन्नाशीचा गृहस्थ, कानापर्यंत लाल झाला होता. आत्या म्हणाली, "नाव नको सांगू रे बाबा. वजन सांग."

टायरची नक्षी कुठे झिजली आहे त्यावरून तिला माणूस कळतो. मधलाच पट्टा सपाट झाला असेल, तर गाडी एक तर सरळ रस्त्यावर पळते, नाही तर हवा जास्त भरली जाते. कडा झिजल्या असतील, तर हवेकडे कोणी बघतच नाही. आणि टायर हाताला गरम लागला, तर हवा मोजायचं गेज काय दाखवतं यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. रस्त्यावरून आलेल्या टायरमधली हवा फुगलेली असते. नवखे लोक आकडा जास्त दिसला की फुस्स करून हवा सोडतात आणि सकाळी टायर ढेपाळलेला मिळतो. आत्या तापलेल्या टायरमध्ये कंपनीच्या आकड्यापेक्षा तीनचार जास्त ठेवते. हे तिच्या हातात इतकं मुरलंय की त्यासाठी डोक्याला विचारावं लागत नाही.

दुकान मुळात तिच्या दादाचं. ती माहेरी परत आली तेव्हा नुसती फोन घ्यायला म्हणून खाली बसायची. पुढे ट्रकचे टायर उचलता उचलता दादाची कंबर गेली आणि एका सकाळी आत्याने ओढणी कमरेला गुंडाळून पहार हातात घेतली. दादा आता वर खिडकीत खुर्ची टाकून बसतो आणि तिथून सल्ले देतो. ती ऐकते आणि आपल्याला हवं तेच करते. 'आत्या' हे नावही वरूनच आलेलं. दादाची मुलगी लहानपणी जिन्यातून 'आत्या, आत्या' करत गावभर ऐकू जाईल असं ओरडायची. मग गिऱ्हाइकंही आत्याच म्हणायला लागली. सत्तरीचे रिक्षावालेसुद्धा.

ती मुलगी, भिंगरी, आता नर्स आहे. दवाखान्यातली नव्हे, घरोघरी जाणारी. मोटारसायकलला मागे औषधांची पेटी बांधायची आणि गल्लीबोळांतून फिरायचं. कुणाच्या पायाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन, कुणाच्या लघवीच्या नळीची पिशवी बदलायची. अंथरुणाला खिळलेली माणसं तिच्या गाडीचा आवाज ओळखतात.

त्या दिवशी आत्या एका पोरसवद्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती. त्याला मागचा टायर रुंद हवा होता.

"कशाला?"

"भारी दिसतो, आत्या."

"दिसतो ना. पण तुझी रिम अरुंद आहे. त्यावर चढवला की दोन्हीकडून चिमटून मध्ये फुगेल, चेनला घासेल, आणि वळताना गाडी म्हणेल मी नाही येत. मोठ्या भावाचे बूट घालून पळायला निघाल्यासारखं होईल. मागे कोण बसतं?"

"अजून कोणी नाही."

"म्हणून रुंद पाहिजे होय."

पोरगा हसला आणि कंपनीच्या मापाचाच टायर घ्यायला तयार झाला. तेवढ्यात भिंगरी आली. गाडी हाताने ढकलत. कोपर खरचटलेलं, पँट गुडघ्यावर फाटलेली, पेटीचं झाकण एका बिजागरीवर लोंबकळत होतं.

"कुठे?" आत्याने विचारलं.

"टाकीच्या उतारावर. तिथेच, मागच्या वेळी पडले होते तिथेच."

पाण्याची टाकी भरली की वाहते, आणि तिच्या बाजूचा फरसबंदी उतार कायम ओला असतो. निम्मं गाव तिथून रोज जातं.

वरून दादाचा आवाज आला. त्याला सगळं ऐकू जातं. "बास झालं आता. उद्या दवाखान्यातल्या तुझ्या मोठ्या बाईंना सांग, वॉर्डातलं काम द्या म्हणावं. बसने जा, बसने ये."

"बाबा, बस त्या गल्ल्यांत जात नाही."

"नाही ना जात? मग तूही जाऊ नकोस."

भिंगरी पेटीचं झाकण बोटाने वर करायची, ते पुन्हा पडायचं. वॉर्डात गेली तर तिची फेरी बंद होणार होती. फेरी घ्यायला दुसरी कोणी तयार नव्हती. हे तिघांनाही माहीत होतं.

आत्याने टायरवरून हात फिरवला. मधला पट्टा सपाट. "टायरला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "दुकानातला सगळ्यात दणकट टायर आहे हा. पार्सलवाली पोरं दिवसभर घासतात तरी टिकतो. हवा मी स्वतः भरते, दर रविवारी. तू उतारावर ब्रेक दाबत असशील, भिंगरे."

"नाही दाबत."

"पोटातली भीती हातात उतरते. कळतही नाही."

"मग तूच चालव," भिंगरी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आत्याला तो ओळखता आला. तो तिचा स्वतःचाच आवाज होता. "उद्या माझ्या फेरीला तू चालव. मी मागे बसते. तू नाही घसरलीस तर बाबा म्हणतात ते करते."

आत्या कशाला माघार घेते? "पहाटे गाडी काढून ठेव," म्हणाली.

"काढून काय ठेवायची, रात्रभर जिन्याखालीच तर असते," भिंगरी म्हणाली आणि कोपर धुवायला निघून गेली.

सकाळी दोघी निघाल्या. पहिलं घर पुढच्याच चौकात. भिंगरी आत गेली, आत्या गाडीला टेकून उभी राहिली. भिंगरी बाहेर आली, तर दुसरं घर दोन गल्ल्या सोडून. तिथे बराच वेळ गेला, आजोबांना बोलायचं होतं. मग तिसरं. गाडी जेमतेम चौथ्या गिअरला येते तोच थांबायची. आत्याला कंटाळा यायला लागला. तिच्या डोक्यात गाडी म्हणजे एकदा सुटली की सुटली.

शिवाय पाठ दुखत होती. प्रत्येक खड्डा थेट माकडहाडात. "तुझ्या गाडीला शॉकअप आहेत की नुसते नळ लावलेत?" तिने विचारलं.

"मला वाटलं, गाडी अशीच असते," भिंगरी म्हणाली.

टाकीचा उतार आला. आत्याने ब्रेकला बोट लावलं नाही, गिअरवरच गाडी उतरवली. मध्यावर हलकंसं वळण आहे. तिथे मागचं चाक बाजूला गेलं. फार नाही, कुणी हळूच कंबरेला धक्का दिल्यासारखं. आत्याने पाय टेकून गाडी सावरली.

खाली येऊन आत्याने गाडी स्टँडवर घेतली आणि सवयीने टायरवर तळहात ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला.

टायर गार होता. सकाळपासून एवढं फिरूनसुद्धा.

"भिंगरे," ती म्हणाली, "हा तापतच नाही गं."

"म्हणजे?"

"म्हणजे पार्सलवाल्यांचा टायर दिवसभर पळतो, तापतो, मग त्याचं कडक रबर मऊ होतं आणि रस्ता धरतं. तुझा टायर दोन गल्ल्या चालतो आणि गार होतो. मी तुला टिकेल तो दिला. धरेल तो द्यायला पाहिजे होता." तिने कपाळावर हात मारला, तेही काळं झालं. "आणि हवा. अगं, दुकानात येणारा प्रत्येक टायर तापलेला येतो. गावात एकच गाडी अशी की जी मी गार असताना भरते, ती तुझी. जिन्याखालून काढून. आणि माझा हात तिच्यातही तीनचार जास्तीचे भरत राहिला. वर पेटीचं वजन म्हणून मागे आणखी दोन."

"किती होते?"

आत्याने ओढणीच्या टोकाला बांधलेलं गेज काढलं. मागे चौतीस. चेन कव्हरवरचा कंपनीचा आकडा एका माणसासाठी अठ्ठावीस.

"फुगा बांधलाय मी तुला, म्हणून प्रत्येक खड्डा पाठीत," आत्या म्हणाली. "मधल्या पट्टीवर उभी राहून चालवत होतीस, बाकीचा टायर जमिनीला लागतच नव्हता. काल तो सपाट पट्टा हातात घेऊन बसले होते मी, आणि म्हणे टायरला काही झालेलं नाही. तरी तू दोनदाच पडलीस. गाडी फार चांगली चालवतेस हो."

भिंगरीला हसू आलं. आत्यालाही आलं, पण तिचं जरा उशिरा.

फेरी पूर्ण करून दोघी दुकानात आल्या तेव्हा दादा खिडकीत तयारच होता. "मग? घसरली?"

"घसरली," आत्या म्हणाली. "माझ्या हाताखाली घसरली. तुझ्या पोरीची चूक नाही, माझी आहे. खाली ये आणि मला काय बोलायचं ते बोलून घे, पण आधी मला काम करू दे."

तिने दणकट टायर उतरवले. कपाटातून दुसरी जोडी काढली, मऊ रबराची, ओल्या रस्त्यासाठी बारीक चिरा असलेली. दादा काठी घेऊन, कठडा धरत धरत खाली आला. "हे लवकर झिजतील," म्हणाला.

"झिजू दे. टायर झिजलेला परवडतो, पोरगी नको झिजायला." टायरची कड रिमवर बसल्याचा फट् फट् आवाज झाला. आत्याने पुढे पंचवीस भरली, मागे अठ्ठावीस, पेटीसाठी एकच जास्त. गार टायर, गार आकडा. हात दोनदा पुढे जायला निघाला, तिने दोन्ही वेळा मागे ओढला.

"आता तरी पडणार नाही कशावरून?" दादा म्हणाला. "मी इथे खिडकीत बसायचं आणि गाडीचा आवाज कधी येतो त्याची वाट बघायची. रोज. तुम्हाला काय."

हे त्याने पहिल्यांदाच म्हटलं होतं.

"नवीन टायर आहेत, वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत जपून वळवीन," भिंगरी म्हणाली. "बाबा, तुम्हीच चला ना. टाकीपर्यंत. उतरून परत येऊ."

"माझी कंबर."

"बसा तर खरं. आज गादीवर बसल्यासारखं वाटेल."

दादाने गाडीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. टाकीचा उतार त्याला खिडकीतून दिसत नव्हता, म्हणूनच तो एवढा उभा असेल असं त्याला वाटत आलं होतं. मग त्याने काठी भिंतीला टेकवली, पेटी स्वतः सोडवून काउंटरवर ठेवली आणि लेकीच्या खांद्याला धरून पाय पलीकडे टाकला. भिंगरीने किल्ली फिरवली.

"थांब," आत्या म्हणाली. तिने कॉम्प्रेसरची नळी ओढली आणि मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. "मागे कोण बसतं ते बदललं ना. दादा, खोटं नको बोलू. वजन सांग."